दोन टाक्यांमधला कॅनडा

बेत आखावा तर मी! ही बढाई नव्हे. कुवेतमध्ये चौदा वर्षं संसार केला, त्यात तीन घरं बदलली आणि एक चहाची बशीसुद्धा फुटू दिली नाही. हवल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत गणपतीला साठ माणसं जेवायची, तरी शेवटच्या पंगतीलाही मोदक मिळायचा. त्यामुळे १९७८च्या उन्हाळ्यात कॅनडाला जायचं ठरलं, तेव्हा आखणी कोणी करायची हा प्रश्नच नव्हता.

त्याचं असं झालं, की ह्यांचा जुना मित्र शरद आमच्याच कंपनीतून सुटून वर्षभरापूर्वी विनिपेगला गेला होता. त्याचं पत्र आलं. ‘वहिनी, जुलैत या. उत्तरेला रस्ता जिथे संपतो तिथून आपण होडीत बसू. माणूस औषधालासुद्धा दिसत नाही, नुसती जंगलं आणि तळी! दिवसा मासे धरायचे, ते चुलीवर भाजायचे आणि तंबूत झोपायचं. एक तळं संपलं की होडी डोक्यावर घ्यायची आणि चालत दुसऱ्या तळ्यावर जायचं.’ सोबत एक रंगीत माहितीपत्रक होतं. त्यावरचं निळं पाणी बघून बाहेरच्या बेचाळीस डिग्रीतही मला शिरशिरी आली.

हे नाशिकचे, तेलकंपनीत इंजिनिअर. ह्यांना दोन वर्षांतून एकदा दीड महिन्याची रजा मिळायची. ती सहाही वेळा नाशिकला गेली होती! चार लग्नं, दोन मुंजी, सासूबाईंचे गुडघे आणि सगळ्या आळीने मागवलेले नायलॉनच्या साड्यांचे गठ्ठे. रजेहून परतताना मी जातानापेक्षा दमलेली असायची. म्हणून ह्या वेळी मी निक्षून सांगितलं, “अहो, ही रजा माझी! ह्या वेळी मला तळं बघायचंय.”

“अगं, पण मला पोहता येत नाही,” हे म्हणाले.

“होडी कशासाठी असते मग?”

मी मालवणची. होडी आणि मासे ह्या विषयांत आमच्या घरी शेवटचा शब्द माझा असायचा. ह्यांनी मासा पहिल्यांदा बघितला तो आमच्या लग्नानंतर, आणि तोही रश्श्यात.

मी लगेच कामाला लागले. पहिली गोष्ट म्हणजे वल्ही. शरदने लिहिलं होतं की वल्ही तिकडे मिळतात, पण परक्याच्या वल्ह्यावर मी कशाला विसंबू? सुलैबियात झहूर नावाचा पेशावरी सुतार होता. त्याला मी माहितीपत्रकातलं चित्र दाखवलं.

“समझ गया, बहनजी,” तो म्हणाला. “कितनी रोटी का है?”

मला वाटलं, मजुरीबद्दल विचारतोय. “अच्छा मज़बूत बनाना,” मी म्हटलं.

आठ दिवसांनी वल्ही आली. लांब दांडा आणि पुढे परातीएवढा चपटा गोल. झहूर सगळ्या हवल्लीतल्या बेकऱ्यांना तंदुरात रोट्या सरकवायची फावडी करून द्यायचा, हे मला नंतर कळलं. हे म्हणाले, “शामला, हे वल्हं नाही. ह्यावर खुबूसच्या पंचवीस रोट्या मावतील.”

“पाणी ढकलायचं की नाही? मग जितकं रुंद तितकं बरं!”

दुसरी गोष्ट सराव. आमच्या गच्चीवर वातानुकूलन यंत्राचं एक रिकामं लाकडी खोकं पडलं होतं. दोघं मागेपुढे बसलो की गुडघे हनुवटीला लागायचे, पण होडीचा भास व्हायचा. रोज उन्हं उतरली की आम्ही खोक्यात बसून वल्ही मारायचो. “डावीकडे! अहो, डावीकडे! तिकडे खडक आहे!” मी ओरडायची. खडक म्हणजे कपडे वाळत घालायचा खांब.

मग आली ती होडी डोक्यावर घेऊन चालायची पाळी. गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या होत्या. मी ठरवलं, पहिली टाकी म्हणजे पहिलं तळं, दुसरी टाकी म्हणजे दुसरं. ह्यांनी खोकं उपडं करून डोक्यावर घेतलं. ते सरळ खांद्यापर्यंत खाली आलं आणि हे दिसेनासे झाले. खोक्याला दोन पाय फुटल्यासारखं दिसत होतं. मागून मी, दोन्ही खांद्यांवर दोन फावडी घेऊन.

“सरळ चला! जंगल आहे, पण वाट सरळ आहे!”

खोक्यातून आवाज आला, “काय?”

“सरळ!”

हे सरळ गेले ते थेट इमारतीच्या सगळ्या टीव्हींचा अँटेना ज्या खांबावर होता त्यावर! खांब हलला, वाकला आणि निवांतपणे आडवा झाला. खाली तीन मजल्यांवर इजिप्तची मालिका चालू होती आणि नायिका नुकतीच बेशुद्ध पडली होती. दोन मिनिटांत अख्खी इमारत गच्चीवर. सर्वांत पुढे आमचा इजिप्शियन वॉचमन मुस्तफा.

त्याने चालणारं खोकं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग फावड्यांकडे.

“मदाम,” तो हळूच म्हणाला, “क्या हुआ? मिस्टर ठीक?”

“सब ठीक!” मी ताठ मानेने म्हटलं. “हम कॅनडा जाता!”

मुस्तफाचा चेहरा एकदम पालटला. “आह, कॅनडा!” त्याने मान डोलावली आणि छातीवर हात ठेवला. मला वाटलं, प्रभावित झाला. तेव्हा मला काय ठाऊक, की हवल्लीत कॅनडा ह्या शब्दाचा एकच अर्थ होता! त्या काळात आमच्यातलं कोणी लंडनला फिरायला जायचं, कोणी सिंगापूरला खरेदीला. कॅनडाला मात्र माणूस कायमचाच जायचा. गेलेला एकही परत आलेला कुणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच समोरच्या इमारतीतली पद्मजा आली. ही सरकारी इस्पितळात नर्स आणि तिचे राजाभाऊ तिथेच एक्स-रे काढणारे. पद्मजाला कुणाच्याही घरातली बातमी त्या घराच्या आधी कळायची.

“शामला, अगं खरं का? कॅनडा?”

“हो! जुलैत.”

“राहणार कुठे?”

“तंबूत,” मी ऐटीत म्हटलं.

पद्मजा खुर्चीवर बसली. “तंबूत? अगं, आणि दिनकरभावजी काय करणार तिकडे?”

“मासे मारणार.”

“मासे! आणि तू?”

“मी ते भाजणार!”

“कुठे?”

“चूल मांडायची दगडांची. आपण काय गॅसवरच जन्मलो?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझा हात घट्ट धरला. “किती धीराची गं तू! आमच्यापासून कशाला लपवायचं? कंपनीत काही झालं का?”

“कंपनीत काय व्हायचंय? हे अर्ज देणार आहेत.” रजेचा, असं म्हणायचं माझ्या तोंडातच राहिलं, कारण दूध उतू गेलं. पद्मजा जाताना शरदचं पत्र आणि माहितीपत्रक वाचायला घेऊन गेली. “ह्यांना दाखवते,” म्हणाली. मी आनंदाने दिलं. जळू दे जरा!

त्यानंतर आमच्याकडे स्वेटरांचा पाऊस सुरू झाला. पद्मजाने स्वतः विणलेला मरून रंगाचा स्वेटर दिला, गळ्याला पांढरी वेलबुट्टी असलेला. “माझा जीव आहे ह्यात. पण तुला जास्त गरज आहे.” मग ओळखीची अन् बिनओळखीची मराठी मंडळी येऊ लागली. कानटोप्या, घोंगडी, एक प्रेशर कुकर, अर्धी बाटली खोकल्याचं औषध. कुवेतच्या मे महिन्यात चौदा स्वेटर जमले! मी ह्यांना म्हटलं, “बघा, लोकांना आपल्या सहलीचं किती कौतुक!”

“पण सगळे माझ्या पाठीवरून हात का फिरवतात?” हे म्हणाले.

मुस्तफाही अधूनमधून अनोळखी कुटुंबं घेऊन येऊ लागला. ती मंडळी दारातून आत बघायची, न्हाणीघराचे नळ सोडून बघायची, पडदे मोजायची. माझे पडदे होतेच तसे बघण्यासारखे. मी प्रत्येकाला चहा दिला. एका लेबनीज बाईने तर माझ्या फ्रिजमध्ये डोकं घालून काहीतरी विचारलं. मी तिला लिंबाचं लोणचं बांधून दिलं.

आखणी जोरात होती. रोज संध्याकाळी मी ह्यांना मासा धरायला शिकवायची. बाजारातून आणलेला पापलेट हे दोन बोटांत थर्मामीटरसारखे धरायचे आणि तोंड फिरवायचे. पण प्रगती होती. तिसऱ्या आठवड्यात हे मेलेल्या माशाला घाबरेनासे झाले.

मग राजाभाऊंनी शुक्रवारी आपल्या घरी छोटा कार्यक्रम ठेवला. “तुमच्या कॅनडासाठी!” म्हणाले. मी पैठणी नेसले. तीस-पस्तीस माणसं, बटाटेवडे, आणि प्रमुख पाहुणे म्हणून ह्यांच्या ऑफिसातले बदरुद्दीनसाहेब! ते हैदराबादचे. कंपनीतल्या सगळ्यांचे पासपोर्ट, रजा आणि इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचे परवाने, त्यांच्या कपाटात असायचे. त्यांच्या सहीशिवाय कुवेतमधून माशीसुद्धा उडायची नाही.

राजाभाऊ उभे राहिले. “मित्रहो, आज आपण जड अंतःकरणाने जमलो आहोत.”

सहलीसाठी अंतःकरण जड कशाला? मी वडा खाली ठेवला.

“दिनकररावांसारखा इंजिनिअर परक्या मुलखात तंबू ठोकून मासेमारीवर पोट भरायला निघालाय. गच्चीवर खोकं डोक्यावर घेऊन हमालीचाही सराव केलाय! तिथे तंदुरी रोट्या विकायचाही विचार दिसतोय, आम्ही फावडी बघितली आहेत. आपण सगळे त्यांच्या पाठीशी आहोत!”

टाळ्या! पद्मजा हुंदके देत होती. ह्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. हे नारळाकडे असे बघत होते, की जणू तो पापलेटच.

तेवढ्यात बदरुद्दीनसाहेब उठले. “दिनकरसाब, आप तो कुछ बोले नहीं, मगर अपने कू सब मालूम हो गया. आप की आसानी के वास्ते मैं आप का रिज़ाइन का काग़ज़ ख़ुद टाइप करा दिया. आप की जगह पे नया आदमी बंबई से आ रा. शनिवार कू बड़े साब का, मुदीर का दस्तख़त, इतवार कू इकामा कैंसल. बस, अब आप बेफ़िक्र जाओ!”

नारळ पडला. तो घरंगळत माझ्या पायाशी आला.

“शामला,” हे अगदी हळू आवाजात म्हणाले, “माझी नोकरी गेली?”

मी पदर खोचून उभी राहिले. “अहो, ऐका सगळे! आम्ही फिरायला चाललोय! मजेसाठी! सहा आठवड्यांनी परत येणार!”

राजाभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, “वहिनी, लाजायचं काय त्यात? कॅनडाहून परत कोण येतं?”

“आम्ही येणार!”

“तंबूत राहायला मजेसाठी जाणार?” पद्मजाने डोळे पुसत विचारलं. “आणि होडी डोक्यावर मजेसाठी घेणार?”

खरं सांगते, तिने असं विचारल्यावर मलाही क्षणभर ते पटेना.

बदरुद्दीनसाहेब मात्र घामाघूम झाले. “भाभी, काग़ज़ ऊपर गया! मुदीर बोलेंगे, कैनेडा जाने वाला आदमी वापस आता, ये बात हज़म नै होती. एकीच रास्ता है. कल सुबू मेरे कू बंबई का टिकट दिखाओ, आने-जाने का. हर दो साल वाला, नासिक वाला. तो मैं बोलूँगा, मेरी ग़लती थी.”

सगळ्या खोलीचे डोळे माझ्यावर. माझ्यासमोर ते निळं पाणी होतं, भाजलेल्या माशाचा वास होता, आयुष्यात पहिल्यांदा माझी म्हणून मिळालेली रजा होती. आणि शेजारी शाल पांघरलेले हे उभे होते. ज्या माणसाने माझ्या एका शब्दावर खोकं डोक्यावर घेतलं, तो आता माझ्याकडे बघत होता.

“आम्ही नाशिकला चाललोय,” मी म्हटलं. “सासूबाईंचे गुडघे बघायला.”

पुन्हा टाळ्या! मघापेक्षा जास्त. नाशिक सगळ्यांना लगेच समजलं.

मी स्वेटर परत करायला निघाले, तर पद्मजा म्हणाली, “राहू दे गं. नाशिकलाही गारठा असतो.”

“जुलैत?”

“पावसाळी हवा असते,” ती म्हणाली. दिलेलं परत घ्यायची तिची पद्धतच नव्हती. निदान मला तसं वाटलं.

ती रजाही नाशिकलाच गेली. तीन लग्नं झाली. तेरा स्वेटर आळीत वाटले आणि मरून रंगाचा सासूबाईंनी ठेवून घेतला. वल्ही मी हवल्लीतल्या आमच्या गल्लीतल्या इराणी बेकरीला देऊन टाकली. त्यानंतर कितीतरी वर्षं रोज सकाळी खुबूस आणायला गेले, की माझं वल्हं तंदुरात शिरायचं आणि पंचवीस रोट्या घेऊन बाहेर यायचं. बेकरीवाला म्हणायचा, असं फावडं त्याने आयुष्यात वापरलं नव्हतं. माझी आखणी चुकली असं कोण म्हणेल?

आता एवढंच सांगायचं राहिलं. शरदचं पत्र आणि माहितीपत्रक पद्मजाने परत दिलंच नाही. दोन-तीनदा मागितलं, तर म्हणाली, “हे वाचताहेत.” पुढच्या मार्चमध्ये राजाभाऊ आणि पद्मजा कॅनडाला गेले. कायमचे! मी विमानतळावर शाल आणि नारळ घेऊन गेले होते.

महिन्याभराने तिचं पहिलं पत्र आलं. तळ्याबद्दल एक अक्षर नाही, माशांबद्दल नाही. चारच ओळी होत्या: ‘प्रिय शामला, इथे एप्रिलमध्येही गुडघाभर बर्फ आहे. दात वाजताहेत. माझा तो मरून स्वेटर ताबडतोब पाठव.’

सासूबाईंकडे मागायचा मला आजतागायत धीर झाला नाही. पद्मजाला मी उलट टपाली कळवलं, की पाठवला आहे, टपालात गहाळ झाला असेल.