पालमला विनंती थांबा

मुंजाजीनं पोरीला निरोप दिलाच नाही. पण तो रीतसर दिला, असं घरात एकमतानं ठरलं असल्यामुळे आपणही तसंच धरून चालू.

तर अपेक्षा नर्सच्या नोकरीवर दोन वर्षांसाठी लंडनला निघाली होती. विमान हैदराबादहून. तिथवर सोडायला यायचं मुंजाजीनं कबूलही केलं होतं. पण आदल्या दिवशी मेव्हणा बजरंग आला. तो पूर्णेला रेल्वेत असल्यामुळे जगातली सगळी वाहतूक आपल्याच खात्यात येते, असा त्याचा समज होता. त्यानं मोबाइलवर हैदराबाद ते लंडन रेघ ओढली.

"दाजी, साडेसात हजार किलोमीटरच्या वर. धा तास. आन् रेघ बघा कुठून जायलीय!"

रेघ पालमजवळून, म्हणजे जवळजवळ मुंजाजीच्या शेतावरूनच जात होती.

"मंग हैदराबादला कशाला जावं?" मुंजाजी म्हणाला. "पाव्हणे रेल्वेनं जायले तर आपण पूर्णेच्या फलाटावर डबा घेऊन भेटतोच की! ही तर दारावरून जायलीय."

"आवं, पण डबा कसा देणार?" बायकोनं, केवळाबाईनं विचारलं.

"डबा राहू दे. भेट तर हुईल."

आधीच हैदराबादला पोचलेली अपेक्षा फोनवर बापाला म्हणाली, "दादा, विमान लय वरून जातंय. यायचं न्हाई तर तसं सांगा."

"तू खिडकीला बस. मी मेंढरं लाईनीत उभी करतो."

सकाळी मेंढरांच्या पाठीवर गुलाल पडला. माणसं ओळीत उभी राहिली, मेंढरं राहिली नाहीत. एवढ्यात आभाळात ठिपका दिसला. मुंजाजीनं डोक्याचा लाल पटका सोडून जोरजोरात हलवला.

"लाल नका दाखवू, दाजी!" बजरंग ओरडला. "थांबलं म्हंजे?"

विमान थांबलं नाही. केवळाबाई पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली. मग फोन वाजला.

"दादा, विमान लेट हाय. अजून चार तास हितंच. समद्यांचे मायबाप आलेत. तुमी आत्ता निघालात तर?"

मुंजाजीनं बजरंगकडं पाहिलं.

"हैदराबाद आठ तास," बजरंग हळूच म्हणाला. रेल्वेच्या माणसाला हे कबूल करणं फार जड गेलं.

"आवं, मंग मगाशी मी रडले ते कुणासाठी?" केवळाबाईनं विचारलं.

दुपारी ढग भरून आले. ढगांच्या वर कुठंतरी घरघर झाली. मुंजाजीनं आवाजाच्या दिशेनं पटका हलवला. आवाज संपल्यावरही हलवत राहिला. या वेळी बजरंगनं हटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीनं सांगितला आणि बजरंगनं लिहिला तो अर्ज पालमच्या बसस्थानकातल्या खिडकीत अजून पडून आहे:

'...तरी सदर हैदराबाद-लंडन विमानास मौजे पालम येथे दोन मिनिटांचा विनंती थांबा मंजूर करण्यात यावा. खाली उतरणे गैरसोयीचे असल्यास अर्जदार डबा घेऊन वर येण्यास तयार आहे.'