अवधूतरावांची फोर बाय फोर वाळूत जाते

आखातातल्या अल अझीझिया वस्तीत राहणारे अवधूत पिंपळे यांनी फोर बाय फोर घेतली, ती काही चैन म्हणून नव्हे. ते गॅस कंपनीत इंजिनिअर होते. कंपनीच्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना उंच गाड्या लागल्या, की त्यांची जुनी लहान गाडी त्यांची त्यांनाच सापडत नसे. शिवाय हायवेच्या डाव्या, वेगाच्या लेनमध्ये कुणीतरी मागून हेडलाइट मारून त्यांना रोज बाजूला काढत असे. या देशात माणसाची उंची बॉनेटपासून मोजतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती कर्ज काढून वाढवून घेतली.

गाडी पांढरीशुभ्र होती. टपावर फावडं, बाजूला रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या, पुढे दोराने गाडी ओढायची विंच, मागे हवा भरायचा पंप. वाळू तेवढी तिने पाहिली नव्हती. वाळूने रंग खराब होतो, असं अवधूतरावांचं अभ्यासपूर्ण मत होतं. दर शुक्रवारी ते मराठी मरुभूमी साहस मंडळाच्या बैठकीला जात. अध्यक्ष श्यामराव यांच्या हॉलमध्ये, एसीखाली, मिसळ खात, वाळूच्या टेकडीवर गाडी कशी चढवावी यावर गंभीर चर्चा होई. मंडळाच्या सगळ्याच गाड्या अशा निष्कलंक होत्या.

अवधूतरावांची पत्नी सरोज मात्र अजून ड्रायव्हिंगच्या परीक्षेतच अडकली होती. एकदा गोल चौकात ती थांबली म्हणून नापास झाली, पुढच्या खेपेला थांबली नाही म्हणून. या वेळी तारीख मिळायला उन्हाळा संपावा लागला होता. नापास झाली तर पुढची तारीख कधी, हे खिडकीवरच्या माणसाने इन्शाल्ला म्हणून सांगितलं होतं.

फुटबॉलचा विश्वचषक तीन-चार वर्षांवर आला होता आणि शहर रोज नव्याने खोदलं जात होतं. परीक्षेच्या सकाळी दोघं निघाले, तर कालचा रस्ता जागेवर नव्हता. लाल-पांढरे अडथळे होते आणि एक बाण होता. बाण एका मोकळ्या भूखंडाकडे पाहत होता. डांबर संपलं तसा अवधूतरावांनी ब्रेक दाबला.

"थांबलात का?" सरोजने विचारलं.

"पुढे वाळू आहे."

"मग ही गाडी कशासाठी आहे?"

या प्रश्नावर मंडळात कधी चर्चा झाली नव्हती. अवधूतराव खाली उतरले, शिकल्याप्रमाणे चारही चाकांची हवा कमी केली, मनाशी यल्ला, म्हणजे चला, म्हटलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी थोडी पुढे गेली, मग खाली गेली. नाक वर करून ती पोटावर बसली. त्यांनी टपावरचं फावडं ओढून पाहिलं. ते निघेना. दुकानदाराने ते शोभेचं म्हणून रिबिटने पक्कं केलं होतं.

त्यांनी श्यामरावांना फोन लावला. थोड्याच वेळात मंडळाच्या गाड्या हजर झाल्या आणि डांबराच्या कडेला ओळीने उभ्या राहिल्या. आधी फोटो झाले. मग श्यामरावांनी घसा साफ केला.

"मंडळाच्या घटनेप्रमाणे आपण सदस्याला वाळवंटातून बाहेर काढतो. ही जागा वस्तीत मोडते."

"मी रुतलोय तर खरा," अवधूतराव म्हणाले.

"रुतलात, पण नियमबाह्य रुतलात."

"भाऊजी, माझी परीक्षा आहे," सरोज म्हणाली.

"वहिनी, प्रक्रिया चालू आहे."

शेवटी एक ठराव झाला. सदर भूखंड संध्याकाळपर्यंत वाळवंट समजण्यात यावा. तो एकमताने संमत होताच श्यामराव स्वतः दोर घेऊन पुढे सरसावले आणि अवधूतरावांच्या शेजारी रुतले. त्यांना ओढायला खजिनदार आले. तेही रुतले. बाकीच्यांना मग अचानक ऑफिसची आठवण झाली.

सरोजने एवढ्यात आपली ड्रायव्हिंग शिकवणारी जैतून हिला फोन केला होता. जैतून हैदराबादची, तोडून बोलणारी. ती ड्रायव्हिंग स्कूलची लहानशी गाडी घेऊन डांबरावरच थांबली.

"चलो, आज तुम चलाओ," ती म्हणाली.

"तू जाशील एकटी?" अवधूतरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती. ती कुणाची, हे त्यांनाही नीट कळलं नाही.

"तुम्ही सावलीत बसा. बाटली मागच्या सीटवर आहे," असं म्हणून सरोज चपलांतली वाळू झटकत निघून गेली.

ती गेली आणि ट्रक आला. कामगारांनी अडथळे उतरवले, बाण उचलला, दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी लावला आणि भूखंडाला चहूबाजूंनी कुंपण घातलं. फाटकावर शफीक नावाचा पेशावरकडचा रखवालदार बसला.

"भाईसाब, गाडी निकालनी है," अवधूतराव म्हणाले.

"अंदर कब आई?"

"सुबह."

शफीकने आपली वही चाळली. "सुबह कोई गाड़ी अंदर नहीं आई. जो आई नहीं, वो जाएगी कैसे?"

साइटचा सुपरवायझर अबूबकर कोळिकोडचा, सज्जन माणूस. त्याने अडचण समजून घेतली. गाडी बाहेर काढायला आत आल्याचा पास हवा, पास मिळवायला गाडी बाहेरून फाटकावर आणायला हवी, एवढाच प्रश्न होता. तोवर त्याने तिघांना हेल्मेट दिली आणि साइटवरच्या प्रत्येकाला सक्तीचं असलेलं सुरक्षा-प्रशिक्षण ऐकायला बसवलं. विषय होता, मऊ जमिनीवर वाहन नेऊ नये.

दुपारी सरोज परतली. कुंपणाच्या जाळीतून तिला पिवळ्या हेल्मेटमधले पती दिसले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पास."

अवधूतरावांचा चेहरा उजळला. "पास मिळाला? कुणी दिला?"

"परीक्षेत हो," सरोज म्हणाली. "चला, माणसांना बाहेर सोडतायत ना?"

माणसांना सोडत होते. गाड्या आत राहिल्या. पुढचे काही महिने अवधूतराव पाससाठी कार्यालयं हिंडत होते आणि तिकडे भूखंडाभोवती रस्ता होत होता. तो गोल होत गेला तेव्हा कळलं, की इथे चौक आहे. मग सुशोभनाची समिती पाहणीला आली. वाळूतून नाक वर काढून उभ्या असलेल्या तीन गाड्या तिने बराच वेळ न्याहाळल्या. काम वेळेआधी झालेलं पाहून समितीला समाधान वाटलं. गाड्यांभोवती हिरवळ लावली गेली, खालून दिवे सोडले गेले आणि दगडावर शिल्पाचं नाव कोरलं गेलं: 'मरुभूमीची झेप'. श्यामरावांनी मंडळातर्फे निषेधाचं पत्र लिहायला घेतलं होतं. उद्घाटनाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाल्यावर त्यांनी ते अभिनंदनाचं केलं.

अवधूतराव आता सरोजच्या लहान गाडीत डावीकडच्या, चालकाच्या नाही, उजवीकडच्या सीटवर बसून कामाला जातात. चौक आला की ती आतल्या गाड्यांना वाट देते, मग वळते. हप्ते अजून चालू आहेत.

पुढे विश्वचषक आला आणि लोक जगभरातून आले. त्यांतल्या तुमच्या कुणा मेहुण्याने त्या शिल्पापुढे उभं राहून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. कलेतलं काही कळत नाही असं दिसायला नको, म्हणून तुम्ही खाली लिहिलंत, 'अप्रतिम, नाहीतर आपल्याकडे बघा', आणि मग आपली उंच गाडी काढून कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेलात.