लाइटनिंगवाले नाना

दत्तूनानांना कोणी नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग?”

लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका गृहस्थांनाही त्यांनी हेच विचारलं. ते बिचारे घाबरून “अर्जंट” म्हणाले, आणि वाडीत नवऱ्या मुलीबद्दल भलतीच कुजबुज सुरू झाली.

नाना आमचे शेजारी. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात त्यांचा जन्म गेला. लाइटनिंग म्हणजे सगळ्यात तातडीचा कॉल. तो आला की बाकीच्यांना बाजूला सारून आधी तो जोडायचा. पुढे ट्रंक कॉल गेले, नाना निवृत्त झाले. पण हे त्यांना कळवणारा कॉल बहुतेक अजून लागलेला नाही.

आमच्या वाडीला टॉवर एकच. एरवी पुरतो, कारण वाडीत माणसंच नसतात. गणपतीत चाकरमानी येतात आणि आरती देवापेक्षा, रजा न मिळाल्याने व्हिडिओ कॉलवर असलेल्या मेव्हण्यासाठी होते. सगळ्यांचे हात फोन धरून वर. टाळी वाजवायला एकही मोकळा नाही. मग टॉवर मान टाकतो आणि नाना पडवीत पितळी घंटा घेऊन ओरडतात, “लाईन मोकळी सोडा रे मेल्यांनो! कोण आजारी पडला तर डॉक्टरला काय मोदक पाठवून बोलावणार?”

घंटा तीनदा वाजली की सगळ्यांनी फोन बंद करायचे, हा नानांचा नियम. वाडीने तो एकमताने मान्य केला आणि एकमताने धाब्यावर बसवला. यात मी आघाडीवर होतो, हे सांगायला आता लाज वाटते.

नानांचा मुलगा प्रकाश मालवाहू जहाजावर. जहाज बंदराला लागलं की त्याचा फोन, नाहीतर सगळी सामसूम. नानी गेल्यापासून घरात बोलायला दुसरं माणूस नाही, तरी प्रकाशचा कॉल नानांच्या लेखी ऑर्डिनरी. तीन मिनिटं झाली की “टाइम झाला” म्हणून पोटच्या पोराची लाईन तोडायची! या खेपेला दोन महिने फोन नव्हता. “काय नाना, प्रकाशची लाईन बिझी काय?” असं मी खिजवलंसुद्धा. नाना घंटा घासत राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी आमच्याकडे आरती चालू असताना अण्णा, म्हणजे माझे वडील, छातीला हात लावून खाली बसले. घामाने निथळत होते. मी हातखंब्याच्या डॉक्टरांना फोन लावला. लागेना. दहा जणांनी लावला. एकाचाही लागेना. लागणार कसा? सगळी वाडी मेव्हण्यांना आरती दाखवत होती ना!

मी धावत नानांकडे गेलो. नाना रेंजसाठी कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून फोन कानाला लावून उभे होते, आणि चक्क हसत होते.

“नाना, लाइटनिंग! अण्णा!”

नानांनी तिथल्या तिथे फोन बंद केला. खाली उतरले, घंटा उचलली आणि अख्ख्या वाडीतून बडवत सुटले. त्या दिवशी कोणी चेष्टा केली नाही. घराघरांतले फोन पटापट बंद झाले, आणि माझा कॉल लागला. डॉक्टर गाडी घेऊन आले. अण्णा वाचले.

दोन दिवसांनी मी मोदक घेऊन गेलो. नाना गडग्यावर बसले होते, फोन मांडीवर.

“नाना, त्या दिवशी फोनवर कोण होतं?”

“प्रकाश. जहाज तासाभरात सुटणार असा त्याचा मेसेज होता, मग कॉल कसाबसा लागला.”

“मग नंतर लावलात ना?”

“लावला. सुटलं होतं.”

“अहो, मला सांगायचं तरी! एक मिनिट थांबलो असतो.”

“अण्णा थांबले असते?” नाना खेकसले. “लाइटनिंग आल्यावर ऑर्डिनरी तोडायचीच. त्यात विचारायचं काय?”

मी मोदकांचा डबा गडग्यावर ठेवला. म्हटलं, “काय म्हणाला तरी प्रकाश?”

“‘हॅलो बाबा, ऐकू येतंय काय?’ एवढंच.” नानांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “ऐकू येत होतं रे. अगदी स्वच्छ. तेवढं सांगायचं राहिलं.”