डाव्या बोटाची साखर

काकासाहेबांना साखरेचा आजार होऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून गोडाच्या कपाटाची किल्ली उषाबाईंच्या कमरेला होती. नवऱ्याच्या वाट्याचं गोड वाया जाऊ नये म्हणून त्या ते स्वतः खात. त्याग म्हणून खात, पण नेमाने खात.

२००४ सालचा अधिक महिना लागला आणि राजूरजवळच्या त्यांच्या गावात घरोघर जावयांची धोंड्याच्या जेवणाला आमंत्रणं गेली. पुरण भरून तुपात तळलेले धोंडे, वाणाला तेहतीस अनारसे आणि पाटावर बसलेला जावई, असा तो थाट. काकासाहेबांचा जावई मच्छिंद्र रविवारी सकाळी त्यांच्या लेकीसह हजर झाला. औरंगाबादच्या एका कॉलेजात तो यंत्रं शिकवायचा. एका हातात त्याने राजूरच्या गणपतीचे पेढे आणले होते आणि दुसऱ्या हातात जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी.

"मामा, हे मी केलेलं मशीन. सुई न्हाई, रक्त न्हाई. या भोकात बोट घालायचं. बोटातून लाल उजेड पलीकडं जातो, अन् साखर किती त्याचा आकडा इथं येतो."

"सुई बिलकुल न्हाई?" काकासाहेबांनी विचारलं. ते निवृत्त ग्रामसेवक होते. आयुष्यात त्यांनी मोर्चे अंगावर घेतले होते, पण सुई दिसली की त्यांना शेतातलं तातडीचं काम आठवायचं.

"मशीनला न्हाई. पण चार वाजता भोकरदनच्या लॅबमधून देवानंद येणार हाये. वीस माणसांची साखर मशीनवर बघायची अन् त्यांचंच रक्तही तपासायचं. आकडे जुळले की उद्या कॉलेजात तज्ज्ञांच्या समितीपुढं मशीन ठेवायचं. न्हाई जुळले, तर दोन वर्षांची मेहनत माळ्यावर."

उषाबाईंनी स्वयंपाकघरातूनच निकाल दिला. "जावईबापूंच्या मशीनवर दीडशेच्या आत आकडा आला, तर यांना एक धोंडा देईन. एकच!"

गेल्याच रविवारी गावात ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक झाली होती. त्या धामधुमीतही इतकं मोठं आश्वासन काकासाहेबांच्या कानावर पडलं नव्हतं. त्यांनी उत्साहाने उजवं बोट पुढे केलं.

"थांबा! उजवा हात जेवायचा हाये. त्या डबड्यात आता कोणाकोणाची बोटं जाणार! डावं घाला," उषाबाई कडाडल्या.

डावं बोट आत गेलं. पेटी गुणगुणली. आकडा आला अडतीस.

मच्छिंद्रचा चेहरा उतरला. "मामा, गरगरतं का? घाम? साखर लई खाली गेली. माणूस बेशुद्ध पडतो अशानं!"

काकासाहेबांना सकाळपासून इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. तेवढ्यात उषाबाई धोंड्यांची परात घेऊनच धावत आल्या. ती परात बघून काकासाहेब खांबाला टेकले.

"थोडंसं… गरगरून राह्यलं."

"तोंड उघडा जल्दी!" उषाबाई म्हणाल्या. सहा वर्षं त्यांनी बरोबर उलटं सांगितलं होतं. काकासाहेबांनी आज्ञा पाळली. एक धोंडा पोटात गेल्यावर पुन्हा बोट घातलं. सदतीस! दुसरा भरवला. अडतीस!

"खाऊन बी चढंना!" उषाबाईंनी परात पुढे सरकवली. "तिसरा घ्या."

"नको म्हणतो मी," काकासाहेब घास गिळत म्हणाले, "पण तुमच्या जिवाला घोर नको."

ओसरीवर काकासाहेबांचा धाकटा भाऊ अप्पाराव बसला होता. पोटनिवडणुकीत तो अवघ्या एका मताने पडला होता. त्याला मत न देणारा आपलाच कोण, हे ओळखायला आठ दिवस तो प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्यानेही डावं बोट घातलं. एकेचाळीस. शेजारच्या झुंबरबाईंचे छत्तीस आले. गुळाचा चहा चार कप पिऊन आलेल्या कचरूचे एकोणचाळीस. प्रत्येकाच्या हातात औषध म्हणून एकेक धोंडा पडला.

तासाभरात गावभर झालं की साखर उतरायची साथ आली आहे. कोणी बोअरच्या पाण्याला दोष दिला, कोणी कपाशीवरच्या फवारणीला. दारात रांग लागली. रोग असा होता की औषध तुपात तळलेलं होतं, त्यामुळे एकही रोगी घाबरलेला दिसत नव्हता. ज्याच्यासाठी धोंडे केले तो जावई मात्र उपाशीपोटी कागदावर आकडे लिहीत होता.

या गर्दीत पेटी क्षणभर मोकळी सापडली. परातीचा काठ धरून काकासाहेबांचा डावा हात तुपाने माखला होता, म्हणून त्यांनी सहज उजवं बोट घातलं. दोनशे चाळीस! त्यांनी चटका बसल्यासारखं बोट काढलं, डावं पुसून घातलं. अडतीस. मग त्यांनी दोन्ही बोटं नाकासमोर धरली. नोकरीत पंचवीस निवडणुकांची कामं केलेल्या माणसाला अधिक काही सांगावं लागत नाही. डाव्या बोटाच्या नखावर मतदानाची काळी रेघ ठसठशीत होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या डाव्या नखावर तशीच रेघ होती.

काकासाहेबांना सगळं समजलं. त्यांनी परातीतून चौथा धोंडा उचलला आणि शांत बसले.

"माझंबी बघा बरं," उषाबाई म्हणाल्या. "सकाळपासून घशाला कोरड हाये." आपलाच नियम पाळून त्यांनी डावं बोट घातलं. आकडा आला तीनशे बारा.

ओसरी हास्याने दणाणली. "साऱ्या गावाची साखर वहिनीकडं जमा झाली!" अप्पाराव म्हणाला. आठ दिवसांत तो पहिल्यांदाच हसला.

मच्छिंद्र हसला नाही. त्याने हळूच पेटीची पिन काढली. "मामी, मशीन बाद हाये. अख्ख्या गावाला अडतीस अन् घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसाला तीनशे बारा. देवानंदला फोन करून सांगतो, येऊ नको. कॉलेजलाही कळवतो."

तो फोनकडे निघाला. काकासाहेबांनी हातातल्या धोंड्याकडे पाहिलं. गप्प बसलं तर धोंडाही मिळत होता आणि सुईही टळत होती. सहा वर्षांत देवाने एवढा सरळ सौदा पुढे केला नव्हता. फोनची तबकडी फिरू लागली. मच्छिंद्रची पाठ त्यांना दिसली. दोन वर्षांची मेहनत पाठीवरून घसरत असावी, तशी ती वाकली होती.

"ठेवा तो फोन, जावईबापू." काकासाहेबांनी चौथा धोंडा परातीत परत ठेवला. "मशीन चांगलं हाये. बदमाश मी हाये. हे घ्या माझं उजवं बोट."

उजवं बोट, डावं बोट, नखावरची रेघ, सगळं दाखवून झाल्यावर मच्छिंद्र जागच्या जागी उडाला. "शाई! उजेड शाईनंच अडवला! मशीनला पलीकडं उजेड दिसेना, ते म्हणलं साखरच न्हाई! चला, सगळ्यांनी उजवी बोटं आणा!"

अप्पाराव एकशे दहा. कचरू एकशे वीस. झुंबरबाई एकशे पंधरा. रांग मात्र झपाट्याने कमी झाली, कारण आता औषध बंद झालं होतं.

झुंबरबाई नाकाला पदर लावून विचार करत होत्या. "म्हंजे ज्या बोटाला शाई न्हाई, त्याचा आकडा खरा. मंग उषाबाईचे तीनशे बारा…"

काकासाहेब हळूच बायकोजवळ सरकले. पण अप्पारावला दुसरंच काही सुचलं होतं.

"एक मिनिट. वहिनीनं तर डावंच बोट घातल्तं."

सगळ्यांच्या नजरा उषाबाईंच्या डाव्या बोटावर गेल्या. ते सोललेल्या लसणासारखं स्वच्छ होतं.

"वहिनी! तुम्ही तर सांगितल्तं, मत टाकून आले म्हणून!"

"आता काय करू, भाऊजी!" उषाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "त्या दिवशी अनारशाचे तांदूळ वाळत घातल्ते. झुंबरबाईची शेळी दोनदा तोंड घालून गेल्ती. तेहतीस अनारशात एक कमी पडून कसं चालंल? अन् म्हणलं, एका मतानं काय होतंय!"

अप्पाराव खाली बसला. आठ दिवस सगळ्यांची तोंडं बघण्यापेक्षा बोटं बघितली असती तर, एवढंच तो पुटपुटला.

चार वाजता देवानंद आला. काकासाहेबांनी डोळे गच्च मिटून बोट पुढे केलं आणि सुई टोचल्यावरच विचारलं, "कधी टोचणार?" त्यांचा आकडा आला दोनशे पंचेचाळीस. उषाबाईंचा तीनशे आठ. बाकीच्यांचेही असेच जवळजवळ निघाले. देवानंदने दोन्ही कागद शेजारी धरले.

"सर, आमच्या लॅबमधली दोन मशीनंबी एकमेकांशी एवढी जुळत न्हाईत!"

मच्छिंद्रने सासऱ्याला उचललंच. दुसऱ्या दिवशी समितीने पुढच्या कामाला मंजुरी दिली. मतदान केलेलं बोट वापरू नये ही सूचना अहवालात अधोरेखित करण्यात आली. उषाबाईंचा आजार वेळेत कळला, गोळ्या लागू पडल्या आणि घशाची कोरडही गेली. गोडाच्या कपाटाची किल्ली तर तपासणीच्याच संध्याकाळी काकासाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात आली. खिशाला त्यांनी वरून बटण लावून घेतलं.

दसऱ्याच्या सुमारास लेकीचा फोन आला की मच्छिंद्र दिवाळीला पेटी घेऊन येणार आहे. त्या दिवशी उषाबाई आपण होऊन अप्पारावच्या दारात गेल्या.

"भाऊजी, आता पुढचं मतदान कधी हाये?"

अप्पाराव गहिवरला. "वहिनी, खरंच येणार मताला?"

"बिलकुल! सकाळी सातला रांगेत पहिली मी. उजव्या बोटालाबी शाई लावून मागणार हाये. फक्त तेवढं दिवाळीच्या आत उरकायला सांगा."

पलीकडच्या अंगणात ऐकत बसलेल्या काकासाहेबांनी खिशातली किल्ली एकदा चाचपून पाहिली.