बारदान वजा जाता

तात्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही. जिन्यातच माझ्या खांद्यावरची कॉलेजची बॅग काढून घेतली, एका हातात दोनदा झुलवली आणि म्हणाले, "साडेपाच. बारदान वजा जाता विद्या पावणेपाच." बॅग परत दिली आणि निघून गेले. खालच्या वाण्याच्या काट्यावर ती ठेवून पाहावी असं मला फार वाटलं. पण मग वाण्याशी बोलावं लागलं असतं.

सर्जेराव तात्या कोपरखैरण्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. एका खोलीत साताऱ्याकडच्या एकाच गावचे पाच जण, पाचही तुर्भ्याच्या धान्य मार्केटात एकाच टोळीतले माथाडी. तीस वर्षं पोती उचलून तात्यांच्या हाताचाच काटा झाला होता. दिसेल ते उचलून पाहायचे. कुंडी, कुणाचा डबा, एकदा तर सेक्रेटरींचं बारशाचं नातवंड. ("तीन आठशे. दुपट्यासकट.") बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, माल मोजताना ते वजा करतात. तात्या ते माणसांनाही लावायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी रंगात आले की मागून आवाज यायचा, "सायेब, बारदान सोडून बोला."

तेव्हा त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे.

गावाहून त्यांच्या बायकोची, काकूंची, पत्रं यायची, मास्तरांकडून लिहून घेतलेली. ती मी वाचून दाखवायचे. माझं शिक्षण इंग्रजीतलं, त्यामुळे अडखळत. पण तात्यांना तेच सोयीचं होतं. "खोलीतल्यांनी वाचलं की सगळ्या टोळीला कळतंय. तू बोलत न्हाईस, त्ये बरं हाय." माझ्या न बोलण्याचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य असायचं: खोकला बरा आहे, काळजी नसावी. तात्या पत्र तळहातावर धरून म्हणायचे, "बरा असता तर लिवला कशाला असता?"

मग निवडणूक आली. या सगळ्यांची नावं गावच्या यादीत. त्यामुळे तिकडचे उमेदवार मतं मागायला इकडे यायचे आणि मतदानाच्या आदल्या दिवशी ट्रक भरून मंडळी गावाला जायची. तात्यांना त्याचं काही नव्हतं. "आमच्या घरात चिन्ह बारशालाच देत्यात," ते म्हणायचे. गावाकडचे थोरले भाऊ, दादा, सांगतील तिथे शिक्का. वडील होते तेव्हा वडील सांगायचे.

त्या वर्षी एक नवा उमेदवार आला. आमच्या बिल्डिंगमागच्या मैदानात सभा झाली. मी गॅलरीतून पाहत होते. जातीपातीचं, घराण्याचं तो काही बोललाच नाही. घराघरात स्वस्त धान्य, घराघरात गॅस, एवढंच. स्टेजवर हार घातलेलं एक पोतं ठेवलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरात 'दरमहा २५ किलो'. तात्या सरळ स्टेजवर चढले. पोतं उचललं. माइकची गरज नव्हती.

"एकवीस! बारदान सोडून वीस!"

मैदानात हशा पिकला. उमेदवार तयारीचा होता. "तात्या, उरलेलं निवडून आल्यावर!" मग जवळ येऊन त्याने विचारलं, "गावाकडं वैनी चुलीवरच करत्यात का?"

"व्हय."

"खोकला हाय?"

तात्यांनी पोतं खाली ठेवलं. नेहमी धपकन ठेवायचे, तेव्हा हळूच ठेवलं.

माझे बाबा रात्री जेवताना म्हणाले, "सगळ्या थापा. आपणच नंबर लावून सहा वर्षं बसलो होतो, हा गावोगाव कुठून आणणार गॅस?" मला ते पटलं. तात्यांनाही पटलं असणार. पण दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे. आईला म्हणाले, "वैनी, जरा शिलिंडर बगू द्या." रबरी नळी ताणत तो अर्धवट उचलला. आई किंचाळली. तात्या विचारात पडले.

"एकोणतीस. ह्यात माल किती?"

आईने पावतीवर पाहून सांगितलं, चौदा.

"म्हंजी निम्मं बारदानच की!" ते दारापर्यंत गेले, परत आले. "पन निम्मा गॅस असतुया."

पुढचे आठ दिवस ते हेच करत होते. जिना चढायचे, उतरायचे, मला गाठायचे. "त्यो बोलतुया त्यात निम्मं बारदान धर. बारा आणे धर. तरी चार आणे माल ऱ्हातुया का न्हाई?" मी मान हलवायचे. "आन् आजपातूर कोन इचारलं, खोकला हाय का म्हनून? थोरल्यानंबी न्हाई. एकाच घरात ऱ्हातुया त्यो."

मग दादांचं पत्र आलं. आपल्या नेहमीच्या उमेदवाराला, पाटलांना, घराचा शब्द दिला आहे, मतदानाच्या आदल्या दिवशी देवळात भंडारा उचलायचा आहे, यावे. भंडारा उचलायचा म्हणजे खंडोबासमोर हळद हातात घेऊन शपथ घ्यायची; ती मोडता येत नाही. आणि तात्या तर रविवारी खंडोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पाणी पीत नसत.

मी धीर करून म्हटलं, "तात्या, मतदान गुप्त असतं."

ते थांबले. "देवापास्नं?"

मंडळी ट्रकने गावाला गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक परत आला. मी क्लासहून येत होते. फाळका पाडला, पुरुषांनी उड्या मारल्या. मागे एक बाई उभी राहिली, पदर डोक्यावर, पोटाशी गाठोडं. उंची पाहून तिला उतरवेना. खोकला आला. तात्यांनी दोन्ही हात वर केले आणि तिला गाठोड्यासकट उचलून खाली घेतलं.

टोळीतला एक ओरडला, "तात्या, किती?"

सगळे हसले. तात्या तिला धरून तसेच उभे होते. मग खाली ठेवलं आणि तिला घेऊन खोलीत गेले.

बाकीचे चौघे दोघांना खोली मोकळी करून त्याच संध्याकाळी वळकट्या उचलून दुसऱ्या खोलीत राहायला गेले. त्यांच्याकडूनच कळलं. देवळात दादांनी भंडारा पुढे केला आणि तात्यांनी हात मागे घेतला. उभ्या जन्मात हजारो पोती उचललेल्या माणसाने चिमूटभर हळद उचलली नाही. दादा म्हणाले, मग तुझी बायको पण घेऊन जा.

तो उमेदवार पडला. निकाल मीच तात्यांना सांगितला. ते खोलीच्या दारात स्टोव्हला पंप मारत होते. काकूंना त्यांनी स्टोव्हपासून लांब, वाऱ्याच्या बाजूला बसवलं होतं. परातीत पीठ, तव्यावर जाडजूड भाकरी. काकू तिच्याकडे बघून पदराआड हसत होत्या. आणि नवल म्हणजे, तात्या बसले होते.

"पडला व्हय," ते म्हणाले. भाकरी उलटली. मग काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "पोरी, लगीन झालं तवा जेजुरीला पाच पायऱ्या उचलून न्हेली हुती. अट्टेचाळीस भरली हुती."

मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

"परवा गाठोड्यासकट पस्तीस."

बारदान त्यांनी वजा केलं नाही.