पुदिन्याच्या वाटचं ऊन

या मायबाप हो, असे भिंतीला टेकून बसू नका, जरा पुढं या. एका भक्ताची कथा सांगतो. भक्ती कशाची, ते ऐकता ऐकता कळेल.

सूर्य सगळ्यांना सारखंच ऊन देतो, हे सर्वमान्य सत्य आहे. वाटप मात्र ज्याच्या त्याच्या गॅलरीत होतं. आपल्या कथेतल्या साहेबांच्या गॅलरीत, तिसऱ्या मजल्यावर, सकाळी असं कोवळं ऊन यायचं की पाहणाऱ्यानं हात जोडावेत. साहेब पाणीपुरवठा खात्यातून सन्मानानं निवृत्त झालेले. नोकरीत असताना अर्ध्या गावाला पाणी कधी येईल, याचा त्यांनी शेवटपर्यंत थांगपत्ता लागू दिला नाही. निवृत्तीनंतर पुदिन्याला मात्र एकदाही ताटकळत ठेवलं नाही. (माणूस सुधारतो, आधी निवृत्त व्हावं लागतं, इतकंच.)

गॅलरीत पुदिना, कोथिंबीर, ओवा आणि गवती चहा नांदू लागले. सेवा मोठी कडक. रोज सकाळी प्रत्येक कुंडी पाव वळसा फिरवायची, म्हणजे उन्हाकडे कुणाची पाठ नको. पानं ओल्या फडक्यानं पुसायची. घरात आवाज चढवायचा नाही, ओवा मनाला लावून घेतो. आणि सगळ्यांत मोठं व्रत म्हणजे पान तोडायचं नाही.

"अहो, भाजीवर टाकायला चार काड्या कोथिंबीर द्या की," बायकोनं एकदा विचारून पाहिलं.

"वाढतेय ती अजून."

"मग मी काय करू?"

"बाजारातून आण. तिथली वाढून झालेली असते."

तेव्हापासून त्या घरात कोथिंबीर विकत येते, आणि तीही पिशवीत खाली दडवून. न जाणो, कुंडीतलीनं पाहिलं तर!

आता या संसारात एकच अडचण होती. त्याच गॅलरीत साहेबांचे वडील बसायचे. आबांनी जन्मभर शिलाई मशीन चालवली. त्या पायांच्या जोरावर साहेब शिकले, साहेब झाले, आणि आबांचे गुडघे आखडले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आबा, एखादं औषध चुकलं तर चालेल, सकाळचं ऊन चुकवू नका. नाहीतर अंथरूण धराल." म्हणून आबा खुर्ची टाकून बसायचे. आणि खुर्चीची सावली नेमकी पुदिन्यावर पडायची.

साहेब अन्यायी नव्हते. त्यांनी रीतसर पाहणी केली, दोन्ही बाजू विचारात घेतल्या. आबांना बोलता येतं, पुदिन्याला येत नाही. तेव्हा पुदिन्याची बाजू कुणीतरी घेणं आलंच. पुदिन्याला अजून वाढायचं आहे. आबांची वाढ समाधानकारकरीत्या पूर्ण झालेली आहे. शिवाय आबांना पाय आहेत, कुंडीला नाहीत. एवढ्या भक्कम आधारावर खुर्ची आतल्या खोलीत कपाटाशेजारी हलवण्यात आली आणि आबांना दुपारनंतरचं ऊन मंजूर झालं. (दुपारनंतर त्या गॅलरीत ऊन येत नाही. पण मंजुरी ती मंजुरीच.)

"अरे, मग मलाही एका कुंडीत लाव," आबा म्हणाले. "रोज वळवशील तरी."

"आबा, चेष्टा नको. मुळं धरायचे दिवस आहेत हे."

"माझे सुटायचे आहेत, म्हणून म्हटलं."

पुढं आबा भिंत धरून चालू लागले. बायको म्हणाली, "अहो, बसू द्या ना त्यांना. पाय उचलत नाही त्यांचा."

"मी अडवलंय का? दार सताड उघडं आहे. बसायला जागा नाही, एवढंच."

एके दिवशी सकाळी कपाटाशेजारची खुर्ची रिकामी. आबा काठी टेकत, कठड्याला धरून तीन मजले उतरले होते, रस्ता ओलांडून समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले होते. त्या थांब्याचं छप्पर वादळात उडालेलं. ते बसवण्याचा विषय संबंधितांच्या विचाराधीन होता, म्हणून तिथं ऊन होतं. (दिरंगाईला नावं ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

बस थांबली. ड्रायव्हर ओरडला, "चढताय ना आजोबा?"

"नाही रे बाबा. ऊन खायला आलोय."

"का, घरी येत नाही ऊन?"

"येतं की! पण रांग आहे. माझ्यापुढं पुदिना उभा आहे."

बसभर हशा पिकला आणि बस निघून गेली.

वर गॅलरीत साहेब झारी हातात धरून हे पाहत होते. बायको शेजारी येऊन उभी राहिली. "बघा! त्या गुडघ्यांनी एवढा रस्ता ओलांडलाय त्यांनी. गाडीखाली आले असते म्हणजे? जा, आणा त्यांना."

साहेब थांब्यावरच्या त्या बाकाकडे एकटक बघत राहिले. डोळ्यांत काहीतरी चमकलं. झारी खाली ठेवून ते लगबगीनं वळले. बायकोनं डोळे पुसले. उशिरा का होईना, लेकाच्या काळजाला पाझर फुटला!

थोड्या वेळानं साहेब खाली रस्ता ओलांडताना दिसले. काखेत पुदिन्याची कुंडी होती.

"काय सुरेख ऊन आहे हो इथं!" ते बाकाशी पोचत म्हणाले. "आबा, जरा सरका."

हसलात? हसा, मायबाप. साहेब काही परके नाहीत. तुमच्याही घरात खिडकीशी एक चांगली उजेडाची जागा आहे आणि आज तिथं काहीतरी छान मांडून ठेवलेलं आहे. घरी गेलात की त्याच्यासमोर क्षणभर उभे राहा आणि पूर्वी तिथं कोण बसायचं, तेवढं एक आठवा. आठवलं नाही, तर आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारून बघा.

अजून ओ येईल.