चार वाजताची बडीशेप

भाऊसाहेब माझ्या दारात आला की आधी नाक वर करायचा आणि मग नमस्कार. "बाई, आज म्हशीचं घेतलंय. त्यात बी पानी हाय," हे तो उंबऱ्यातूनच सांगायचा. चहा अजून आत गॅसवर असायचा. गंमत म्हणजे हा माणूस सहा वर्षांत दुधाच्या थेंबाला शिवलेला नव्हता.

भाऊसाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. आमच्या नगरकडे बारशालाच पोराला साहेब करून टाकतात. वय असेल अडतीस-चाळीस. सावेडीत माझ्या शेजारच्या घरात तो, त्याची बायको मनीषा आणि साडेचार वर्षांची ओवी. कोपऱ्यावर त्याचं लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे. त्याआधी बारा वर्षं तो नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायचा. कॅनचं झाकण उघडलं की मशीन लावायच्या आधीच तो गोठा कोणाचा ते सांगायचा, असं मनीषा सांगते. लग्नाआधी तिला त्याचं हेच कौतुक होतं.

मग एका सकाळी केंद्रामागच्या चरात कोणीतरी जर्सीचा गोऱ्हा टाकून दिला. एका दिवसाचा. गोऱ्ह्याला दूध पाजणं परवडत नाही म्हणून काही लोक असं करतात. भाऊसाहेबाने तो घरी आणला, बाटलीने पाजला. तिसऱ्या दिवशी तो मेला. "त्याच्या आईचं दूध रोज माज्याम्होरं यायचं, बाई. वास वळखायचो मी," एवढंच तो मला एकदा बोलला. त्या आठवड्यात त्याने नोकरी सोडली आणि दूधही सोडलं.

तिथून पुढे त्याचा तो प्रश्न सुरू झाला. "दूध कोनाचं?" असं विचारायचं, समोरच्याने घोळ घातला की आपणच उत्तर द्यायचं, "वासराचं." लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढणाऱ्याला विचारलं. सत्यनारायणाला पंचामृत देणाऱ्या भटजींना विचारलं, तेव्हा त्यांचा हात तसाच राहिला. नाताळात मी केक पाठवला, तर तो झाकून परत आला, वर शेंगदाण्याची चिक्की ठेवलेली. मोठा माणूस आहे, त्याचं तोंड, त्याचा हट्ट. आम्ही हसायचो आणि सोडून द्यायचो. पण ओवी झाली आणि हसण्यासारखं फारसं उरलं नाही.

तिच्या उष्टावणाला मामा नेवाशाहून चांदीची वाटी आणि घरच्या गायीच्या दुधाची खीर घेऊन आला. भाऊसाहेब शेंगदाण्याच्या दुधाची खीर घेऊन उभा. दोन वाट्या, दोन चमचे, आणि पोर मध्ये. पाव्हणे पाटावर अवघडून बसलेले. ओवीने दोन्हीकडे पाहिलं आणि मामाच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं. सगळे हसले. मनीषा हसली नाही, ती उठून आत गेली.

पोर किरकोळच राहिलं. डॉक्टर म्हणाले, दूध सुरू करा, नाहीतर व्हीगनच ठेवायचं असेल तर मी लिहून देतो ती औषधं आणि खाणं नीट सांभाळा. नवरा-बायको एकाच खोलीत बसून ऐकून आले आणि दोघांनी आपापलं अर्धं बरोबर आणलं. भाऊसाहेब औषध वेळच्या वेळी द्यायचा, नाचणी दळायचा, तीळ भाजायचा, रविवारी पोरीला दुकानातल्या शेंगांच्या काट्यावर बसवायचा. मनीषा त्या काट्याकडे पाठ करून उभी राहायची.

एके दिवशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, याचं मला अर्धं पटतं. पन पोर बारीक दिसतीय हो."

मी चाळीस वर्षं शाळेत खरं बोलायला शिकवलं आणि त्या दिवशी कटात सामील झाले. भाऊसाहेब रोज चार वाजता दुकान उघडायच्या आधी स्कूटरवर चक्कर मारायला जायचा. स्कूटर कोपऱ्यावरून वळली की ओवी माझ्या स्वयंपाकघरात. मनीषाने तिचा पेला इथेच आणून ठेवला होता, नाव घातलेला, स्टीलचा. पेलाभर दूध, मग तोंड पुसणं, मग चिमूटभर बडीशेप, वास जावा म्हणून. वर्षभर हे चाललं. पोर जरा भरलं, आणि आम्ही दोघी आपल्या हुशारीवर खूश होतो.

यंदा मे महिन्यात भाऊसाहेबाने ओवीला सहज विचारलं, "बाईंकडं काय खाती गं तू?"

"फक्त बडीशेप," ओवी म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

तो "बरं" म्हणून आत गेला. मी अंगणात होते, मनीषा दारात. तिचा चेहरा पांढरा पडला. साडेचार वर्षांच्या लेकराला इतकं सफाईने खोटं बोलताना ऐकून माझीही मान खाली गेली. चौथ्या दिवशी मनीषा ओवीला घेऊन माहेरी नेवाशाला गेली. जाताना त्याला म्हणाली, माझ्या पोरीनं चोरून जेवायचं न्हाई. जूनमध्ये ओवीचं नाव तिकडच्याच बालवाडीत घातलं.

घर सुनं झालं तरी भाऊसाहेब चार वाजता स्कूटर काढायचाच. एक दिवस मला राहवलं नाही. त्याला घरात बोलावलं, पेला पुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. तो ओरडेल, निदान "दूध कोनाचं" म्हणेल, अशी माझी तयारी होती.

त्याने पेला उचलला, सवयीने नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"बडीशेपनं दुधाचा वास जातोय व्हय, बाई? बारा वर्षं डेअरीवर काढली मी."

"मग माहीत होतं तुला?"

"पयल्या दिवसापासनं. म्हनूनच तर चारला जायचो. पानटपरीमागं बसून ऱ्हायचो अर्धा तास."

"बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर थांबवावं लागलं असतं," तो म्हणाला. "थांबवायचं न्हवतं."

मला त्याचा राग आला, आणि माझाही. मी म्हटलं, आत्ता नेवाशाला जा आणि हेच मनीषाला सांग. त्याने पेल्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला.

"काय सांगू? ती म्हनंल, म्हंजी पोरगी खोटं बोलत हुती आन् तू बघत बसला."

मी त्याला पेला घरी घेऊन जा म्हटलं, तर मान हलवून त्याने तो स्वतःच माझ्या फळीवर ठेवला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"बाई, आली कधी तर गायीचं देत जावा. म्हशीचं तिला जड जातं. ते पिली की रात्री पोट धरून झोपायची."

दुसऱ्या दिवसापासून मी गायीचं दूध घेते. अजून तरी ते सगळं माझ्याच चहात जातं.